पावसाळ्यात खिडकी कधी उघडावी?

स्वयंपाकाच्या गॅसचा १४.२ किलोचा एक सिलिंडर जळून संपतो, तोवर त्यातून सुमारे २२ लिटर पाणी तयार झालेलं असतं. ते डोळ्यांना दिसत नाही, म्हणून कुणाच्या हिशेबात नसतं. गॅसमधला हायड्रोजन जळताना हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावतो आणि किलोभर गॅसमागे दीड किलोहून थोडी जास्तच वाफ ओट्यावरून वर जाते. पाइपने येणाऱ्या गॅसमध्ये मुख्यतः मिथेन असतो. त्याच्या एका किलोमागे सव्वादोन किलो पाणी होतं. भाताची, वरणाची, चहाची वाफ यात धरलेलीच नाही.

माणसांचा वाटाही लहान नाही. श्वास आणि घाम यांतून एक माणूस दिवसाला सुमारे लिटरभर पाणी हवेत सोडतो. हाताने पिळलेले कपडे खोलीत दोरीवर टाकले, तर दोन लिटर पाणी सहज त्या खोलीत उतरतं. गरम पाण्याची अंघोळ, ओल्या फडक्याने पुसलेली लादी, खिडकीतल्या कुंड्या असं सगळं धरलं की चौघांच्या घरात दिवसाकाठी आठ-दहा लिटर पाणी हवेत मिसळतं. ते बाहेर गेलं नाही, तर भिंतीवर, कपाटामागे, गादीत आणि पुस्तकांत जाऊन बसतं. पावसाळ्यात घराला येणारा कुबट वास, चपलांवर चढणारी पांढरी बुरशी, छताच्या कोपऱ्यातले काळे ठिपके यांतला बराच भाग पावसाने केलेला नसून आपल्याच घरातल्या या पाण्याने केलेला असतो.

मग खिडक्या उघडा, हवा खेळती ठेवा, हा सल्ला ठरलेलाच. तो चुकीचा नाही, पण अपुरा आहे. ओल घालवण्याविषयी आज जे वाचायला मिळतं, त्यातलं पुष्कळसं थंड देशांतल्या घरांसाठी लिहिलेलं असतं. लंडनमध्ये जानेवारीत बाहेर ५ अंश तापमान असतं. त्या हवेत घनमीटरमागे जास्तीत जास्त ७ ग्रॅम पाणी मावतं. तीच हवा घरात येऊन २० अंशांपर्यंत तापली की तिची आर्द्रता ४० टक्क्यांच्या आसपास उतरते आणि ती घरातली ओल शोषून घेते. तिथे दहा मिनिटं खिडक्या सताड उघडल्या तर खोली खरोखर कोरडी होते. तिथल्या मराठी घरांनी हिवाळ्यात थंडीच्या भीतीने सगळं बंद करून आत कपडे वाळवू नयेत, ते याचसाठी.

मुंबईच्या किंवा रत्नागिरीच्या जुलैचं गणित निराळं आहे. बाहेर २८ अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता हा तिथला रोजचा दिवस. अशा एका घनमीटर हवेत २३ ग्रॅम पाणी आधीच असतं आणि २८ अंशांना तिच्यात मावतं साधारण २७ ग्रॅम. म्हणजे बाहेरून आलेली हवा घरातलं फार तर ४ ग्रॅम पाणी उचलू शकते. चारशे चौरस फुटांच्या घरात सुमारे १०० घनमीटर हवा असते. ती हवा एकदा पूर्ण बदलली तर जेमतेम ४०० ग्रॅम पाणी बाहेर जाईल. दहा लिटर घालवायचे तर दिवसात निदान पंचवीस वेळा, म्हणजे तासाला एकदा, घरातली सगळी हवा बदलली पाहिजे. आणि एवढं करूनही घर बाहेरच्यापेक्षा कोरडं होणार नाही. आपण घातलेली भर तेवढी निघून जाईल.

याच मुंबईत जानेवारीच्या पहाटे १८ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असेल, तर हवेत ११ ग्रॅमच पाणी असतं. ती घरात २५ अंशांवर आली की घनमीटरमागे आणखी १२ ग्रॅम उचलू शकते. खिडकी तीच, तेवढीच उघडलेली, पण काम तिप्पट होतं. पुण्याला, नाशिकला हा फरक आणखी मोठा असतो. खिडकी उघडण्याला वेळकाळ आहे तो असा, आणि घरातल्या ओलीचा विचार इथूनच सुरू करावा, असं मला वाटतं.

यावरून जुलैत खिडक्या बंद ठेवाव्यात असं मात्र निघत नाही. एसी नसलेलं घर बंद केलं तर चारशे ग्रॅमची ती जागा तासाभरात भरते आणि पुढचं पाणी भिंतींवर उतरतं. झड ज्या बाजूने येते ती खिडकी लावावी आणि आडोशाची उघडी ठेवावी. पाऊस उघडून तासभर ऊन पडलं की सगळं घर मोकळं करावं. वाऱ्याला आत यायला एक वाट लागते आणि बाहेर जायला दुसरी. एकाच भिंतीत दोन खिडक्या असल्या तर हवा आत वळसा घालून तिथूनच परत जाते. समोरासमोर किंवा काटकोनातल्या भिंतींत उघडीप असेल, तरच ती खोलीतून आरपार वाहते. हॉलची खिडकी आणि स्वयंपाकघराची खिडकी यांच्यामधलं दार उघडं राहणं म्हणूनच महत्त्वाचं आहे.

एसी लावलेल्या खोलीला उलटा नियम लागतो. २८ अंश आणि ८५ टक्क्यांच्या हवेचा दवबिंदू सुमारे २५ अंश असतो. म्हणजे २५ पेक्षा थंड असलेल्या कोणत्याही पृष्ठभागाला ती टेकली की तिथे पाणी सुटतं. एसीने भिंत, आरसा, लादी २३ अंशांपर्यंत थंड झालेली असताना खिडकी उघडली, की बाहेरची दमट हवा सरळ तिथे दव होऊन बसते. फ्रिजमधून काढलेल्या बाटलीवर जे होतं तेच. शेजारच्या खोलीत एसी असेल तर सामाईक भिंतीच्या अलीकडच्या बाजूलाही काळे डाग येतात आणि लोक तिथे गळती शोधत बसतात.

हे डाग शोधायला भिंगाची गरज नाही, पण ओल कुठून आली हे ओळखणं सर्वांत महत्त्वाचं आहे, आणि तिथेच लोकांचे पैसे वाया जातात. ओलीचे तीन मार्ग आहेत. पहिला पाझर, म्हणजे बाहेरच्या भिंतीतल्या भेगेतून, गच्चीतून, वरच्या घराच्या मोरीतून येणारं पाणी. त्याचा डाग पावसाबरोबर किंवा वरच्यांच्या नळाबरोबर वाढतो आणि त्याची कड पिवळसर असते. दुसरी जमिनीतून चढणारी ओल. ती तळमजल्याच्या भिंतीत खालून साधारण मीटरभर उंचीपर्यंत येते. पाणी उडून गेलं की मागे क्षार राहतात, भिंतीला लोणा लागतो आणि रंगाचे पोपडे सुटतात. तिसरी म्हणजे हवेतलं पाणी थंड भिंतीवर उतरून आलेली ओल. ती कोपऱ्यात, कपाटामागे, पडद्याआड, जिथे हवा हलत नाही तिथे दिसते आणि तिच्यावरची बुरशी ठिपक्याठिपक्यांची असते.

या तिघींपैकी खेळती हवा फक्त तिसरीला बरं करते. पहिलीला भेग बुजवावी लागते, पाइप दुरुस्त करावा लागतो. दुसरीला पायापाशी ओल अडवणारा थर लागतो आणि भोवतीचं पाणी घरापासून लांब वळवावं लागतं. ओळखायची एक सोपी रीत आहे. डागावर हातभर लांबरुंद, जाड प्लास्टिक चारही कडांनी घट्ट चिकटवावं आणि दोन दिवस थांबावं. थेंब प्लास्टिकच्या खोलीकडच्या बाजूला आले, तर ओल हवेतली. प्लास्टिकच्या आत, भिंतीकडच्या बाजूला आले, तर पाणी भिंतीतून येतंय. हे न पाहता आतून वॉटरप्रूफ रंगाचे हात देणं मला फार चुकीचं वाटतं. भिंतीतलं पाणी रंगामागे कोंडलं जातं आणि पुढच्या पावसाळ्यात रंगासकट गिलावा घेऊन बाहेर पडतं.

भिंतीलगतच्या हवेची आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर दिवसेंदिवस राहिली की बुरशी धरते. तिला खायला रंग, लाकूड, कागद, साचलेली धूळ, काहीही पुरतं. धुळीत राहणारे अतिसूक्ष्म किडे, ज्यांच्यामुळे अनेकांना शिंका आणि दमा सुरू होतो, तेही दमट हवेतच वाढतात. आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली टिकली तर ते जगत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली घरातली ओल आणि बुरशी या विषयावर स्वतंत्र मार्गदर्शिकाच काढली. दमट घरांत राहणाऱ्यांना खोकला, घरघर, दमा यांचा त्रास जास्त होतो, हा तिचा निष्कर्ष. लहान मूल दर पावसाळ्यात खोकत असेल तर औषधाबरोबर त्याच्या पलंगामागची भिंतही पाहावी, एवढं मी कळकळीने सांगेन.

जुलैत बाहेरची हवा फार मदत करणार नसेल, तर पाणी घरभर पसरण्याआधी जिथे निर्माण होतं तिथूनच बाहेर काढलं पाहिजे. एक्झॉस्ट पंख्याचं खरं काम हे. चार बाय आठ फुटांच्या बाथरूममध्ये सात-आठ घनमीटर हवा असते. सहा इंची साधा पंखा ती काही मिनिटांत बदलतो. अट इतकीच, की जेवढी हवा बाहेर जाईल तेवढी आत यायला वाट हवी. बाथरूमच्या दाराखाली बोटभर फट नसेल, तर पंखा नुसता आवाज करतो. पंखा दाराच्या समोरच्या भिंतीत, उंचावर असावा आणि अंघोळ झाल्यावर पंधरा-वीस मिनिटं चालू राहू द्यावा. बहुतेक घरांत माणूस बाहेर येताना दिव्याबरोबर पंखाही बंद करतो, आणि भिंतींवरचं सगळं पाणी त्यानंतर हवेत यायला लागतं. पंखा इमारतीच्या डक्टमध्ये सोडलेला असेल तर त्याला झडप लावून घ्यावी, नाहीतर खालच्या घरातली वाफ आणि वास आपल्याकडे येतात.

स्वयंपाकघरातली चिमणी विकत घेताना एकच गोष्ट आवर्जून विचारावी. तिचा पाइप घराबाहेर जातो का? पाइप नसलेली चिमणी तेल आणि थोडा वास अडवते, पण वाफ आणि जळलेल्या गॅसचे वायू पुन्हा घरातच सोडते. ज्वालेतून नायट्रोजन डायऑक्साइडही निघतो, फोडणीतून आणि तळणातून अतिसूक्ष्म कण निघतात. गरम हवा वर जाते, म्हणून खिडकीच्या वरचा जुना झरोकाही पुष्कळ काम करतो. त्याला काच मारून किंवा पुठ्ठा लावून बंद केलेलं पाहिलं की वाईट वाटतं. घरातल्या हवेविषयी बोलताना डासांच्या कॉइलचा विषय टाळता येत नाही. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरले होते. बंद खोलीत, उशाशी कॉइल लावून बाळाला झोपवणं हे कुणीही करू नये. मच्छरदाणी आणि खिडकीची जाळी यांनी हवाही येते आणि डासही अडतात.

गॅस गीझरचा धोका याहून गंभीर आहे. बंद बाथरूममध्ये तो चालू राहिला तर ऑक्सिजन कमी पडतो, गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपटींहून अधिक जोराने चिकटतो. माणसाला गरगरतं, हातपाय गळतात आणि दाराची कडी काढण्याचंही बळ उरत नाही. असे मृत्यू दर हिवाळ्यात होतात आणि ते सगळे टाळता येण्यासारखे असतात. गॅस गीझर बाथरूमच्या आत बसवूच नये. बाहेर, मोकळ्या हवेत बसवावा आणि त्याच्या धुराचा पाइप थेट आकाशाखाली न्यावा. तो स्वयंपाकघरात असेल तर खिडक्या बंद करून जोरदार चिमणी चालवू नये, कारण ती गीझरचा धूर उलटा घरात ओढते.

बंद एसी बेडरूममधली हवा हा आणखी एक दुर्लक्षित भाग. भिंतीवरचा स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही. तो खोलीतलीच हवा फिरवून थंड करतो, हे अनेकांना ठाऊकच नसतं. म्युनिकचे माक्स फॉन पेटेनकोफर यांनी १८५८ मध्येच कार्बन डायऑक्साइड हा कोंडलेल्या हवेचा निर्देशक मानला आणि हजारात एक भाग ही मर्यादा सुचवली. आजच्या भाषेत ती १००० पीपीएम. बाहेरच्या हवेत आज तो सव्वाचारशे पीपीएमच्या आसपास असतो. झोपलेली दोन माणसं तासाला सुमारे पंचवीस लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतात. दहा बाय दहाच्या खोलीची दारंखिडक्या घट्ट लावली तर प्रमाण तासाला जवळजवळ हजार पीपीएमने वाढू शकतं. फटींमुळे प्रत्यक्षात वाढ कमी होते, तरी पेटेनकोफर यांची मर्यादा पहिल्या एक-दोन तासांतच ओलांडली जाते. सकाळी डोकं जड होतं ते पुष्कळदा यामुळे. बेडरूमचं दार किलकिलं ठेवून हॉलची खिडकी थोडी उघडी ठेवली, की श्वासापुरती हवा मिळते आणि दमट वारा थेट थंड भिंतीवर येत नाही. दिवसातून दोनदा, एसी बंद असताना आणि पाऊस नसताना, खोली पूर्ण उघडावी.

ओल मोजायला काही शे रुपयांचा आर्द्रतामापक मिळतो. एक खोलीत ठेवावा, एक बाहेरच्या कट्ट्यावर. आकडे पाहताना तापमानही पाहावं, कारण सारख्या टक्क्यांतही गरम हवेत पाणी जास्त असतं. कोकणपट्टीत पावसाळाभर नुसत्या वाऱ्याने ६० टक्के गाठता येत नाहीत. पुस्तकं, वाद्यं, कॅमेरे असतील त्या खोलीत एसीचा ड्राय मोड किंवा ओल ओढून घेणारं यंत्र लावून, खिडकी बंद ठेवूनच ते साधतं. बाकी घरासाठी साधे उपाय आहेत. कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं पुढे ओढावं. गादी उभी करून तिला पंख्याचा वारा द्यावा. कपडे झोपायच्या खोलीत वाळत घालण्याऐवजी एक्झॉस्ट असलेल्या बाथरूममध्ये घालावेत, आणि पंखा चालू ठेवावा.

आपल्या जुन्या घरांना हे सगळं वेगळं शिकवावं लागलं नाही. कोकणातल्या कौलारू घरात धूर आणि वाफ कौलांच्या फटींतून आपोआप वर निघून जाई, पुढची पडवी झड अडवी आणि जांभ्याच्या भिंतीवरचा चुन्याचा गिलावा ओल घेई आणि सोडी. वाड्याच्या चौकातून गरम हवा वर चढे आणि खोल्यांतून थंड हवा ओढली जाई. त्या घरांचं कौतुक करताना माजघरातला अंधार आणि चुलीच्या धुराने बायकांच्या डोळ्यांचे झालेले हाल विसरू नयेत. पण हवेला वर जायला वाट ठेवणं ही त्यांची रीत पक्की होती. सिमेंट, प्लास्टिक पेंट आणि सपाट स्लॅब यांनी ती वाट बंद केली आणि तिची जागा घेणारं काही दिलं नाही. आजच्या सरकत्या खिडकीचं उदाहरण घ्या. राष्ट्रीय इमारत संहिता दमट-उष्ण हवामानात जमिनीच्या क्षेत्रफळाच्या एक षष्ठांश खिडकी मागते, कोरड्या-उष्ण हवामानात एक दशांश. नकाशावर ती भरते. पण सरकत्या खिडकीचा एक पल्ला नेहमी दुसऱ्यामागे असतो, म्हणजे हवेला मिळते निम्मीच.

मुंबईने हा धडा फार मोठी किंमत देऊन घेतला होता. १८९६ मध्ये मांडवीत प्लेग आला. त्याचं निदान करणारे डॉ. अकॅसिओ व्हिएगस हे मूळचे गोव्याचे. अंधाऱ्या, कोंदट चाळींचा प्रश्न तेव्हा सरकारला टाळता येईना आणि १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. प्लेग पिसवांमुळे पसरतो हे नंतर सर्वमान्य झालं, पण त्या निमित्ताने ट्रस्टने उजेड आणि हवा यांचा एक नियम आणला. खिडकीतून समोरच्या इमारतीच्या माथ्याकडे काढलेली रेघ साडेत्रेसष्ट अंशांपेक्षा जास्त उभी असू नये. साध्या भाषेत, समोरची इमारत जेवढी उंच, तिच्या निम्म्याइतकी तरी मोकळी जागा मध्ये हवी.

हा नियम शंभर वर्षांनी त्याच शहरात कुठे गेला, ते गोवंडी-मानखुर्दमध्ये दिसतं. नटवर पारेख कंपाउंड आणि लल्लूभाई कंपाउंड या पुनर्वसन वसाहतींत सात-आठ मजली इमारतींमध्ये जेमतेम तीन मीटरचं अंतर आहे. जुन्या नियमाने ते दहा मीटरच्या वर असायला हवं होतं. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिथल्या घरांमध्ये क्षयरोगाचं प्रमाण जास्त मोकळी जागा असलेल्या पीएमजी कॉलनीपेक्षा कितीतरी जास्त आढळलं, आणि खालच्या मजल्यांवर, जिथे ऊन आणि वारा पोहोचतच नाही, तिथे स्थिती अधिक वाईट होती. क्षयाचे जंतू खोकल्यातून हवेत तरंगतात. हवा बदलली नाही तर ते तिथेच राहतात. या घरांतल्या माणसांना खिडकी उघडा असं सांगून काय उपयोग? त्यांची खिडकी शेजाऱ्याच्या भिंतीवर आणि कचऱ्याने भरलेल्या बोळावर उघडते.

म्हणून सध्या ज्यांच्या सोसायटीचा पुनर्विकास चालू आहे, त्यांनी वाढीव चौरस फुटांबरोबर नकाशातल्या आणखी काही गोष्टी आत्ताच विचाराव्यात. समोरच्या इमारतीचं अंतर तिच्या उंचीच्या किती? स्वयंपाकघराची खिडकी आकाशाखाली उघडते की डक्टमध्ये? घराला निदान दोन दिशांना खिडक्या आहेत का? बाथरूमच्या पंख्याची हवा कुठे सोडली आहे, आणि तो डक्ट वरून खुला आहे का? सही झाल्यावर, भिंती उभ्या राहिल्यावर, यातलं काहीही बदलता येत नाही.

आणि राहत्या घराला रंग द्यायचाच असेल तर गणपतीआधीची घाई करू नये. भिंतीत पावसाचं पाणी असतं. ऑक्टोबरच्या उन्हात तीन-चार आठवडे घर उघडं ठेवावं, बुरशी ओल्या फडक्याने आणि साबणाच्या पाण्याने, तोंडाला मास्क लावून पुसावी, कोरडी झाडू नये, नाहीतर तिचे बीजाणू घरभर उडतात. सुटलेले पोपडे खरवडून काढावेत. प्लास्टिकची ती परीक्षा पुन्हा करावी, आणि दोन्ही बाजू कोरड्या निघाल्या की मगच रंगाऱ्याला बोलवावं.